नमुन्याची मेणबत्ती

मेणबत्त्या मी सात वर्षं करते आहे. त्यामुळे निदान या विषयात तरी आपल्याला कोणी गंडवणार नाही, असा माझा समज होता. रिकाम्या बरण्या, कान तुटलेले कप, जे हाताला लागेल त्यात मेण ओतायचं आणि कोणाच्या वाढदिवसाला, कोणाच्या नव्या घराला भेट म्हणून द्यायचं. विकायचं कधी मनातही नव्हतं. ते डोक्यात दुसऱ्यांनीच घातलं.

जाहिरात नेहमीचीच होती. घरबसल्या मेणबत्त्या बनवा, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच परत घेणार. किटचे पैसे आधी भरायचे, त्यातली निम्मी रक्कम डिपॉझिट, आणि पहिली ऑर्डर ‘पास’ झाली की ते परत. फोनवरच्या बाई फार गोड. “ताई, तुमचे फोटो बघितले. तुमचा हात तर तयारच आहे हो, तुम्हाला शिकवायचं काय!” सात वर्षांत घरच्यांनी “छान झालीय” याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं. मी पैशापेक्षा त्या वाक्यालाच भुलले. लाज वाटते, पण खरं आहे.

खोक्यात 8 किलो सोया वॅक्स, 40 बरण्या, वाती, 250 मिलीलीटरची सुगंधी तेलाची बाटली, रंग, आणि कागदात नीट गुंडाळलेली एक तयार मेणबत्ती निघाली. सोबत चिठ्ठी: माल हुबेहूब या नमुन्यासारखा असावा. करारनाम्यातही दर्जाबद्दल तेवढंच. वजन किती, वात किती जाड, सुगंध किती टक्के, काही नाही. कोणाच्या करारात मोजता येईल असा एकही आकडा नसेल तर तिथेच थांबा. मी थांबले नाही.

नमुना मात्र देखणा होता. गडद निळा, वरचा थर आरशासारखा, कुठे डाग नाही.

तीन आठवडे रोज रात्री मी मेण वितळवत बसले. थर्मामीटर लावून, बरण्या आधी कोमट करून, खिडक्या बंद ठेवून, जे जे माहीत होतं ते सगळं केलं. मेणबत्त्या चांगल्या झाल्या, पण निळ्या रंगावर पांढुरकी बुरशीसारखी नक्षी उमटलीच. याला फ्रॉस्टिंग म्हणतात. सोया वॅक्स म्हणजे घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. थंड होताना आणि नंतरही त्यातली चरबी हळूहळू स्फटिक धरते आणि ते पांढरं दिसतं. जुन्या चॉकलेटवर पांढरट थर येतो ना, तसलाच प्रकार. जळण्यात काही फरक पडत नाही. रंग जितका गडद, तितकं ते उठून दिसतं. ओतण्याचं तापमान बदलून ते कमी करता येतं, पण शुद्ध सोया वॅक्समध्ये ते मुळातूनच घालवणं महाकठीण. मला हे माहीत होतं. तरीही गडद निळाच रंग का दिला असेल, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

40 च्या 40 रिजेक्ट. कारण: “पृष्ठभागावर पांढरे डाग.” पाठवायचं कुरिअर माझ्या खर्चाने, परत आणायचंही माझ्याच. आणि ‘ताई’ची एकदम ‘मॅडम’ झाली. “मॅडम, क्वालिटी टीमचा निर्णय आहे, माझ्या हातात नाही. तुम्ही दुसरं किट घ्या ना, जुनं डिपॉझिट त्यात धरू.” गेलेले पैसे सोडवायला आणखी पैसे. मी भरले. इथे वाचणाऱ्याने कपाळावर हात मारला तरी माझी हरकत नाही.

या वेळी रंग फिका मागून घेतला, तापमानाची वही ठेवली, आठ-आठच्या घाण्यात ओतल्या. डाग जवळजवळ नाहीत. पुन्हा सगळ्या परत. आता कारण: “सुगंध कमी.”

तेव्हा कुठे मी कागद-पेन घेऊन बसले. सोया वॅक्समध्ये सुगंधी तेल साधारण 6 ते 10 टक्के घालतात. 8 किलोला अगदी 6 टक्के धरले तरी 480 ग्रॅम लागतं. दिलेली बाटली 250 मिलीलीटरची, म्हणजे जेमतेम 3 टक्के. दोन्ही किटमध्ये तीच बाटली. मी कितीही जीव तोडून ढवळलं असतं तरी पुरेसा वास येणारच नव्हता. हा हिशेब खोकं उघडलं त्याच दिवशी दोन मिनिटांत झाला असता.

मग नमुन्याकडे वळले. तोवर त्याला हात लावायची छाती झाली नव्हती, परत करायचा होता ना! नखाने खरवडलं. सोया वॅक्स नखाखाली मऊ लागतं, बोटाला मलमासारखं चिकटतं. हे कडक, गुळगुळीत, पापुद्रे निघणारं. एका वाटीत त्यांचं किटमधलं मेण, दुसऱ्या वाटीत नमुन्याचा तुकडा, दोन्ही एकाच गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून थर्मामीटर धरला. पन्नासच्या आसपास किटमधलं मेण तेलासारखं पातळ झालं. नमुन्याचा तुकडा तसाच, कडाही मऊ नाहीत. साठ जवळ आल्यावर तो विरघळू लागला. ते पॅराफिन होतं की आणखी कसलं मिश्रण, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण आम्हाला दिलेलं मेण ते नव्हतं, एवढं नक्की. ज्या मेणातून नमुना झालाच नाही, त्यातून हुबेहूब नमुना करायला सांगितलं होतं.

मी फोन करून म्हटलं, तुमच्याच किटमधून एक मेणबत्ती माझ्यासमोर व्हिडिओवर करून दाखवा. तो शेवटचा उचललेला फोन.

बँकेत आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. करार, पावत्या, कुरिअरच्या चिठ्ठ्या आणि संदेश सगळं जपलेलं होतं म्हणून निदान तक्रार तरी नीट लिहिता आली. नमुन्याचा अर्धा तुकडाही पिशवीत बंद करून ठेवलाय. पैसे अजून आलेले नाहीत. त्या ऐंशी बरण्यांपैकी बऱ्याच भेट म्हणून गेल्या, कोणीही डागांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

किट घेण्याआधी मी जे करायला हवं होतं, ते शेवटी माझ्या धाकट्या भावाने केलं. त्याने गिऱ्हाईक म्हणून त्यांना फोन लावला, तयार मेणबत्त्या पन्नास पाहिजेत, भाव काय? एवढ्या लोकांचा माल विकत घेणाऱ्यांकडे पन्नास मेणबत्त्या असायला हव्यात की नाही? पलीकडून त्याच गोड आवाजात उत्तर आलं, “तयार माल आमच्याकडे नसतो दादा. पण घरबसल्या काम पाहिजे का?”