दीड लिटरचा कुकर: आठ महिने आणि एक वितळलेला वॉल्व्ह

जालन्याला बदली झाली तेव्हा हिने बजावलं होतं, "अहो, घरातला 3 लिटरचा घेऊन जा." एकट्याला एवढा कशाला, म्हणून मी दीड लिटरचा नवा घेतला. गेल्या महिन्यात त्याचा सेफ्टी वॉल्व्ह गेला, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी बुडाबद्दल. बूड इतकं लहान, की मोठ्या बर्नरवर जाळ बाजूने वर चढतो आणि थेट दांड्याला लागतो. लहान बर्नरवर ठेवावा तर स्टँडच्या पायांवर जेमतेम टेकतो, आणि रिकामा असला की दांड्याच्या वजनाने कलंडतो. फोडणीला तेल घालून मोहरी घ्यायला वळलो, तेवढ्यात तेल ओट्यावर! दुसऱ्याच आठवड्यात दांडा खालून करपला. शेवटी भांड्यांच्या दुकानातून 30 रुपयांची जाळी आणली. ती खोक्यातच द्यायला काय होतं? एवढा कुकर घडवणाऱ्याने तो कधी घरच्या शेगडीवर ठेवूनच बघितला नसेल.

आता वॉल्व्ह. पाव वाटी तूरडाळ लावली, पाणी घरच्या मापाला चारने भागून. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी येईचना. मग फस्स, आणि खोलीभर करपट वास. सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे 60 किलोमीटर. एसटीचं जाऊन-येऊन तिकीट वॉल्व्हच्या कितीतरी पट. तिथला पोरगा म्हणतो, "काका, पाणी कमी घातलंत. रबर आणि वॉल्व्ह वॉरंटीत येत नाहीत." मी अर्धा तास भांडलो, करपलेला दांडाही दाखवला. पैसे मलाच भरावे लागले.

इथवर रविवारी लिहून ठेवलं होतं. काल तीच डाळ पाणी मोजून लावली आणि कबूल करायला हवं, पोरगा बरोबर होता. वाफ डाळ किती ते बघत नाही. चौघांच्या कुकरमधून जेवढं पाणी शिट्टीवाटे जातं, त्याच्या चौथाईवर एकट्याचा कुकर थोडाच थांबतो! पाणी आटलं की उष्णता चढते आणि वॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो. कुकर फुटू नये म्हणूनच तो तिथे असतो. आता पाव वाटी डाळीला सव्वा वाटी पाणी, तासभर भिजवून, बारीक गॅसवर तीन शिट्ट्या.

यात डबे बसत नाहीत, त्यामुळे वरण-भात एकदम होत नाही. पण खिचडी! मूठभर तांदूळ, मूठभर मूगडाळ, कुकरमध्येच फोडणी, घासायला एकच भांडं. मंडईतून आणलेल्या जुडीतली अर्धी कोथिंबीर दर आठवड्याला काळी पडते, तो दोष मात्र कुकरचा नाही.

पाचपैकी साडेतीन. जाळीचे 30 रुपये परत मिळाले तर चार देईन.

वॉल्व्हचं हिला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत इकडे येणार आहे, म्हणून दांडा भिंतीकडे करून ठेवतोय.