गोचिडाचा पट्टा, आठ महिन्यांनंतर

कुत्रीच्या गळ्यात गोचीड मारणारा पट्टा घातला मेच्या शेवटच्या आठवड्यात, काढला परवा, जानेवारी संपता संपता. खोक्यावर आठ महिने लिहिलं होतं, म्हणून आठ महिने थांबून लिहितेय. दोन दिवस घालून 'एकदम मस्त' म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. तसल्याच एका कौतुकावर भुलून मी आधी अडीचशे रुपयांचा उग्र वासाचा पट्टा घेतला होता. त्या वासाने गोचीड सोडून घरातल्या सगळ्यांना त्रास झाला.

कुत्री खारी, देशी, चार वर्षांची, चौदा किलो. मांजर बटर. (नावं नवऱ्याने ठेवली, चहाच्या वेळेला.) घर पुण्यात सहकारनगरात, जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. रोज सकाळी तळजाई टेकडीवर फेरी.

पट्ट्यापर्यंत का आलो ते आधी सांगते. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात खारीने दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही. पोळी नाकारणारी खारी म्हणजे गंभीर बाब. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्ताचा थेंब आला. रक्त तपासलं तर प्लेटलेट अडतीस हजार, कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या पुढे असतात. एर्लिकिया, गोचिडातून होणारा आजार, म्हणजे आपण सगळे ज्याला 'टिक फीवर' म्हणतो त्यातला एक. डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस. मी गोळी शहाण्यासारखी पनीरमध्ये लपवून देत होते. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं कशातून देता, आणि सांगितल्यावर कपाळाला हात लावला. दुधाच्या पदार्थातलं कॅल्शियम ते औषध नीट शोषू देत नाही. मग उकडलेल्या अंड्यात. अंड्याचं सारण खाऊन गोळी जमिनीवर ठेवायची कला खारीला दुसऱ्याच दिवशी जमली.

बरी झाल्यावर प्रश्न आला, पुढे काय. टेकडीवरचे निम्मे लोक बारा आठवडे चालणारी चघळायची गोळी देतात आणि खुशीत आहेत. आम्हाला ती नाही चालली, कारण खारीला दहा महिन्यांची असताना एकदा फिट आली होती. त्या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०१८ मध्येच फिटचा इशारा दिलेला आहे. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण फिटचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मानेवर सोडायचे थेंब घ्यायला गेले तर दुकानदाराने दिलेल्या खोक्यावर परमेथ्रिन हे कीटकनाशक होतं. घरात मांजर आहे म्हटलं तर म्हणाला, "चालतं हो मॅडम, तिला थोडं कमी टाका." नाही चालत. मांजराच्या यकृताला परमेथ्रिन पचवता येत नाही. थरथर, झटके, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. बटर रात्रभर खारीच्या मानेवर डोकं ठेवून झोपते, म्हणजे कुत्रीला लावलेलं तिच्याही अंगाला लागणार. खोकं तिथेच ठेवून आले.

म्हणून हा पट्टा. यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन आहे. फ्लुमेथ्रिनही परमेथ्रिनच्याच भावकीतलं, पण या जोडीचा पट्टा मांजरांसाठीही मिळतो. तरीही मी डॉक्टरांना बटरबद्दल विचारून मगच घेतला. औषध पट्ट्यातून थोडं थोडं सुटतं आणि कातडीवरच्या तेलकट थरातून पार शेपटीपर्यंत पसरतं. किंमत अडीच हजारांच्या आसपास पडली. आठ महिन्यांनी भागलं तर महिन्याला तीनशे, आमच्या घरातल्या खारी-टोस्टच्या बिलापेक्षा कमी.

घालताना दोन बोटं आत जातील इतका सैल ठेवायचा आणि उरलेलं टोक कापायचं. नाहीतर बटरसारखं कुणीतरी ते चावत बसतं. पहिले चार दिवस मानेवर थोडी लाली होती, मग गेली. पट्ट्यावर पांढरट भुकटी दिसते. म्हणून भाचा आला की खारीला मिठी मारून झाल्यावर त्याला हात धुवायला पिटाळायचे. अंधारात चमकणारे तीन तुकडे सोबत आले होते, ते ऑगस्टपर्यंत तिन्ही हरवले.

एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते: आधीच चिकटलेले गोचीड पट्ट्याने आपोआप गळतीलच असं नाही. ते हातानेच काढायचे. टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत, तोंडाजवळ धरायचं आणि न पिळता सरळ वर ओढायचं. तो प्लास्टिकचा खाचेचा आकडा मिळतो, तो मात्र फिरवायचा असतो. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत, नखाने चिरडायचा नाही. सासूबाईंचं बालपण साताऱ्याकडे गाईगुरांत गेलं, त्या म्हणाल्या, "अगं, रॉकेल लाव, नाहीतर उदबत्ती टेकव, सुटतो." आई, सुटतो, पण बिथरला की पोटातलं सगळं जखमेत ओकण्याची भीती असते, आणि आजार त्यातूनही येऊ शकतो. त्यांना हे पटलं नाही. पण चष्मा लावून कानातले गोचीड शोधण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. उलट नवऱ्याने एका रात्री मोठ्या आवेशात खारीच्या पोटावरचा 'चिवट गोचीड' चिमट्यात धरला. ते स्तन होतं. खारी अजून त्याच्या हातात चिमटा दिसला की सोफ्याखाली जाते.

आता पट्टा. जून, जुलै, ऑगस्ट: शून्य. खरंच शून्य. रोज रात्री बोटांच्या बेचक्या, कान, काखा, शेपटीखाली, आणि पट्ट्याच्या खालीही चाचपायचे, काही नाही. पावसात भिजली तरी फरक पडला नाही. ऑक्टोबरात तळजाईवर गवत वाळून कुसळं झाली, घाणेरीच्या जाळ्यांत खारी नाक खुपसत फिरायला लागली, तेव्हा तीन सापडले. तिन्ही सुकलेले, मनुक्यासारखे. म्हणजे चढले होते, पण टिकले नाहीत. नोव्हेंबर ठीक. डिसेंबरच्या मध्यावर कानामागे एक जिवंत, टरटरून फुगलेला. जानेवारीत आणखी दोन.

यात माझाही दोष आहे. सारखी आंघोळ घातली की औषधाचा जोर लवकर ओसरतो हे लिहिलेलं असतं. पण खारीला टेकडीवर शेण दिसलं की त्यात लोळल्याशिवाय राहवत नाही. दर पंधरा दिवसांनी शाम्पू झाला. माझ्या हिशोबाने आमच्याकडे हा पट्टा साडेसहा महिन्यांचा.

घराबद्दल मात्र पट्ट्याला दोष देऊ नका. आपल्याकडच्या कुत्र्यांवर दिसतो तो तपकिरी गोचीड घरातही संसार थाटतो. सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांचं, मग प्रौढ. प्रत्येक अवस्थेत एकदा रक्त पिऊन खाली पडतो आणि भेगेत शिरतो. मादी भरली की हजारोंनी अंडी घालून मरते. भिंतीवर वर चढायची त्यांना खोड असते, म्हणून ते पडद्याच्या वरच्या पट्टीत आणि दाराच्या चौकटीत सापडतात. आजारपणाच्या वेळी आम्ही पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं. माणूस एकदा फवारून गेला, "आता वर्षभर बघायला नको" म्हणाला. तीन आठवड्यांत अंड्यातून नवी फौज, आणि दुसऱ्या फवारणीचे वेगळे पैसे. आधीच दोन वेळांचा दर ठरवून घ्या. बाकी काम आमच्या व्हॅक्युमने केलं, आणि खारीची गोधडी दर आठवड्याला कढत पाण्यात घातल्याने. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, गोचीड आमच्या खारीमुळे येतात. पार्किंगमध्ये त्यांच्याच गाडीखाली झोपणारे तीन कुत्रे त्यांना दिसत नाहीत.

नोव्हेंबरात एक मलाच चावला. टेकडीवरून आल्यावर कमरेच्या नाडीपाशी तिळाएवढा ठिपका, खाजवला तर पाय हलले. तोच चिमटा, तीच पद्धत, साबणाने धुतलं आणि कालनिर्णयवर त्या चौकटीत 'गोचीड' लिहिलं. दोडामार्गच्या नणंदेने लगेच फोन केला, माकडताप तर नाही ना! तिकडे सिंधुदुर्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण सापडलेत, त्यामुळे तिची भीती खोटी नाही. पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो ताप पसरवणारा जंगलातला वेगळा गोचीड. कुत्र्याच्या गोचिडातून माणसाला होऊ शकतो तो टिक टायफस. दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर या, आणि आल्या आल्या गोचीड चावला होता हे सांगा. नाहीतर पुण्यात त्या दिवसांत तापाचं पहिलं उत्तर डेंग्यू. मला काही झालं नाही. फक्त दोन आठवडे प्रत्येक पुटकुळी कौतुकाने तपासली गेली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण चमकणाऱ्या तुकड्यांचा कापला, एक या गोष्टीचा की पट्टा संपत आलाय हे पट्ट्याकडे बघून कळत नाही. खारीचा कान चाचपल्यावर कळतं. दुसरा आणून ठेवलाय. या वेळी तारीख पट्ट्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिणार आहे, आणि शेणाच्या दिवशी नुसत्या ओल्या फडक्यावर भागवणार.

जुना कुठे टाकायचा हा प्रश्न होता. ओढ्यात नको, त्यातलं औषध माशांना घातक आहे. मी तो कागदात गुंडाळून कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंच्या हातात वेगळा दिला आणि काय आहे ते सांगितलं. त्यांनी पुडी उघडून पाहिली.

"आमच्या वाघ्याला घालू का?"

"नका हो, यातलं औषध संपलंय."

त्यांनी पट्टा उजेडात धरून उलटसुलट केला. "दिसतोय तर नवाच."