दुसऱ्याचा करार आपल्या नावावर: पर्वरीतील फ्लॅटखरेदीचा अनुभव

गोव्यातील पर्वरीत बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत आम्ही नुकताच दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. मात्र तो बिल्डरकडून थेट न घेता, आधीच्या ग्राहकाचा नोंदणीकृत विक्री करार त्रिपक्षीय (बिल्डर, तो ग्राहक आणि आम्ही यांच्यातील) करारनाम्याद्वारे आमच्या नावावर करून घेतला. बिल्डरच्या कार्यालयाची सेवा एकंदरीत बरी होती, पण हस्तांतर शुल्काचा आकडा त्यांनी अगदी शेवटी सांगितला, ही गोष्ट मला मुळीच पटली नाही. ना हरकत दाखला हातात पडायलाही सहा आठवडे लागले.

वकीलबाईंचे काम मात्र वाखाणण्याजोगे होते. मसुद्यावर एकट्या विक्रेत्याची, म्हणजे आधीच्या ग्राहकाची, सही पाहताच त्यांनी कागद बाजूला सारला, कारण गोव्याच्या नागरी संहितेनुसार विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्ता साधारणपणे पतिपत्नी दोघांची सामाईक असते आणि पत्नीच्या संमतीशिवाय व्यवहार कच्चा राहतो. विक्रेत्याची पत्नी मडगावहून येऊन सही करेपर्यंत आम्ही एक पैसाही दिला नाही. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती, बँकेचा बोजा नसल्याचा दाखला आणि गोवा रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील प्रकल्पाची नोंद त्यांनी बारकाईने तपासली. ताबा लांबल्यास मूळ ग्राहकाचे हक्क नव्या खरेदीदारालाही मिळू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही तसे कलम करारात लिहून घ्यावे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता.

उरलेल्या हप्त्यांवरील ५ टक्के जीएसटी आम्हालाच भरावा लागत आहे. किंमत ठरवतानाच तो हिशेबात धरावा.