कार्ल लार्शन यांचा चित्रसंग्रह : रेषा सांभाळली, शिवण नडली

स्वीडिश चित्रकार कार्ल लार्शन (१८५३–१९१९) यांच्या निवडक चित्रांचा मोठ्या आकाराचा, पुठ्ठा बांधणीचा एक संग्रह मी विकत घेतला आणि गेले काही आठवडे तो सावकाश पाहतो आहे. लार्शन यांच्या चित्रांच्या छपाईची खरी परीक्षा रेषेत होते. वृत्तपत्रे आणि पुस्तकांसाठी चित्रे काढून पोट भरण्यात त्यांचा हात घडला, त्यामुळे त्यांच्या घरगुती जलरंगचित्रांतही रेषा आधी येते आणि रंग तिच्या आत पातळ, सपाट पसरतो. जपानी ठसाचित्रांचे त्यांना असलेले आकर्षणही तिथेच दिसते. ही रेषा छपाईत जराशी जाड झाली की चित्र शुभेच्छापत्रासारखे गुळचट दिसू लागते. या संग्रहाने ते टाळले आहे. कागद चकचकीत नसल्याने पांढऱ्या जागा मोकळ्या राहतात आणि रंग भडकत नाहीत.

सर्वांत सुरेख उतरले आहे ते जेवणाच्या टेबलावरून उठवून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या, लार्शन यांच्या पोंटुस या मुलाचे चित्र. शिक्षा झालेले पोर एवढेसे आणि भोवतालची खोली केवढी तरी नीटनेटकी, हा त्यातला मिस्कीलपणा पूर्ण आकाराच्या छपाईतच कळतो. चित्रातले सुंदबोर्न गावचे हे घर लार्शन यांना १८८८ मध्ये सासऱ्यांनी दिलेले. त्यावरचे ‘एत हेम’ (‘एक घर’) हे पुस्तक १८९९ मध्ये निघाले आणि स्वीडिश घरसजावटीच्या आवडीवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

प्रस्तावनेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. स्टॉकहोममधले हलाखीचे बालपण, धुणी धुऊन संसार ओढणारी आई, तेराव्या वर्षी कला अकादमीच्या शाळेत मिळालेला प्रवेश, पॅरिसमधली अपयशाची वर्षे आणि १८८२ नंतर ग्रे-स्यूर-ल्वां या फ्रेंच खेड्यात तैलरंग बाजूला ठेवून धरलेली जलरंगांची वाट, हे सारे नीट सांगितले आहे. पण ‘कास्पर’ या विनोदी साप्ताहिकातली व्यंगचित्रे आणि फिनलंडचे लेखक टोपेलियस यांच्या ऐतिहासिक कथांसाठी केलेली चित्रे जेमतेम चार पानांत उरकली आहेत. ज्या कामातून ती रेषा आली, तेच काम दाखवायचे नाही, हे मला समजले नाही. पत्नी कारिन यांच्या वाट्याला तर अर्धाच परिच्छेद येतो. त्या स्वतः अकादमीत शिकलेल्या चित्रकार होत्या, आणि या चित्रांत आपण ज्या विणकामाचे आणि फर्निचरचे कौतुक करतो, त्यातले बरेचसे त्यांच्याच कल्पनेतून आलेले आहे.

दुसरा दोष बांधणीचा आहे. शिवण घट्ट असल्याने पुस्तक पुरते उघडत नाही. एकपानी चित्रांना त्याची बाधा होत नाही, परंतु ‘मिडविंतरब्लूत’ (‘मध्यहिवाळ्यातला बळी’) हे दुपानी छापलेले चित्र अक्षरशः मधोमध गिळले गेले आहे. दुष्काळ टळावा म्हणून बळी जाणाऱ्या राजाचे, सुमारे १४ मीटर रुंदीचे हे भित्तिचित्र लार्शन यांनी १९१५ मध्ये पूर्ण केले. स्टॉकहोममधल्या ज्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्यासाठी ते होते त्यानेच ते नाकारले, आणि हा घाव त्यांना शेवटपर्यंत बुजवता आला नाही. संग्रहालयाने ते विकत घेतले ते १९९७ मध्ये. इतके हाल सोसलेल्या चित्रासाठी पुढच्या आवृत्तीत एक घडीचे पान द्यावे. त्यासाठी किंमत थोडी वाढली तरी चालेल.