विंडोज ९८ आणि १ जीबी रॅम : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे विंडोज ९८ सेकंड एडिशनचं एक मशीन जवळपास रोज चालू आहे. हौस म्हणून नाही. विंडोज ९८च्या काळात आम्ही जुळवलेले दिवाळी अंक, कवितासंग्रह, शाळांच्या स्मरणिका सगळ्या पेजमेकर ६.५ या पानं जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये आहेत, आणि मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्ट पॅकेजचा कीबोर्ड ड्रायव्हर व्हीएक्सडी, म्हणजे जुन्या विंडोजपुरत्याच चालणाऱ्या प्रकारचा. असे ड्रायव्हर नंतरच्या विंडोज एक्सपीवर चालतच नाहीत. फायली उघडून, दुरुस्त करून त्यांची पीडीएफ करायची तर ९८ला पर्याय नव्हता.

मशीन पेंटियम ४, इंटेलचा ८४५ चिपसेट, ६४ एमबीचं एजीपी (ग्राफिक्स) कार्ड आणि रॅमच्या ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या. जुन्या मालाच्या दुकानदाराने ‘पूर्ण १ जीबी आहे’ असं आवर्जून सांगितलं होतं. या ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएसच्या) बाबतीत नेमकी तीच अडचण ठरते.

डेस्कटॉप व्यवस्थित यायचा, पेजमेकरही उघडायचा. पण डॉस प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडायला जावं तर मेमरी अपुरी असल्याचा निरोप. ९८ साठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम एवढी रॅम खात नाहीत, म्हणजे बहुतेक रॅम रिकामी पडलेली असताना हा निरोप! जुन्या मशीनवाल्यांपैकी अनेकजण इथे रॅम खराब आहे असं समजून पट्ट्या बदलत बसतात. रॅम ठणठणीत असते. संपलेले असतात ते पत्ते, म्हणजे मेमरीतली जागा ओळखायचे क्रमांक.

३२-बिट ओएसला एकूण ४ जीबीचे पत्ते मिळतात. त्यातला सगळ्यात वरचा १ जीबीचा पट्टा विंडोज ९८ स्वतःच्या अंतर्गत कामासाठी ठेवते. ड्रायव्हर तिथे, एजीपी कार्डाचं ॲपर्चर (कार्डासाठी राखलेला पत्त्यांचा भाग) तिथे आणि डिस्कची कॅश (डिस्कवरच्या माहितीची रॅममधली तात्पुरती प्रत) सांभाळणारं व्हीकॅशही तिथेच. यातलं व्हीकॅश जरा हावरट आहे. मशीन सुरू होताना किती रॅम आहे ते बघून ते कॅश जास्तीत जास्त केवढी होऊ शकेल याचा हिशेब करतं आणि तेवढे पत्ते आधीच अडवून ठेवतं. पाहुणे किती येणार ते ठरलेलं नसताना अख्खं मंगल कार्यालय अडवून ठेवावं, तसा प्रकार. रॅम जितकी जास्त तितका अडवलेला भाग मोठा, आणि डॉसच्या खिडकीला पत्ताच उरत नाही. ५१२ एमबीच्या वर हा त्रास सुरू होऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. १ जीबी किंवा जास्त रॅमसाठी ९८ आणि तिच्यानंतरची विंडोज एमई बनवलेल्याच नाहीत, असंही त्यांनी म्हटलं आहे.

उपाय सोपा आहे. विंडोज फोल्डरमधली सिस्टिम डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि ‘व्हीकॅश’ विभागात ‘मॅक्सफाइलकॅश’ची ओळ घालायची. आकडा केबीमध्ये असतो. ५२४२८८ म्हणजे ५१२ एमबी, ही वरची हद्द. मी २६२१४४ ठेवला. रीस्टार्ट केल्यावर डॉस प्रॉम्प्ट लगेच उघडला. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एजीपी ॲपर्चर १२८ एमबी असेल तर ६४ करावं, तेवढेच पत्ते मोकळे होतात.

तरीही काही आठवड्यांनी मी एक पट्टी काढून ठेवली. चित्रांनी भरलेला अंक पोस्टस्क्रिप्टमध्ये (छपाईसाठीच्या फाइलच्या प्रकारात) प्रिंट करताना मशीन अधूनमधून अडकायचं. ५१२ वर आल्यापासून ते बंद झालं. ज्यांना मशीन उघडायचं नसेल त्यांनी एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंग प्रोग्रामच्या ॲडव्हान्स्ड भागात रॅमची मर्यादा ५१२ करावी. परिणाम साधारण तोच. पेजमेकरच्या वेगात मला काहीही फरक जाणवला नाही.

रॅमने न सुटणारी दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण रोजच्या कामात तीच आडवी येते. खिडक्या, मेनू, बटणं, आयकॉन यांच्या नोंदी ९८ मध्ये बऱ्याच अंशी १६-बिट कप्प्यांत राहतात आणि असा कप्पा फक्त ६४ केबीचा. यालाच सिस्टिम रिसोर्सेस म्हणतात. रॅम १६ एमबी असो की ५१२, कप्पा तेवढाच. टास्कबारवर रिसोर्स मीटर (यातली शिल्लक जागा दाखवणारा छोटा प्रोग्राम) लावून ठेवा. सकाळी हिरवी पट्टी भरलेली असते. पेजमेकर, फॉन्ट पॅकेज, एखादा चित्रांचा प्रोग्राम उघडबंद करत दुपार झाली की ती पिवळी व्हायला लागते. प्रोग्राम बंद केले तरी सगळी जागा परत मिळत नाही. बटणांवरची अक्षरं गायब व्हायला लागली की फाइल सेव्ह करून रीस्टार्ट करायचं. आम्ही आता जेवायला उठतानाच रीस्टार्ट करतो. तेव्हापासून चालू कामात मशीन बसलेलं नाही.

हार्ड डिस्क १३७ जीबीच्या आतलीच लावा, त्यापुढचं ९८ नीट हाताळत नाही आणि डेटा जाऊ शकतो. पेन ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर लागतो. ११ जुलै २००६ पासून सपोर्ट बंद आहे, म्हणून इंटरनेटची वायर लावूच नका.

आमच्या दुसऱ्या टेबलावर ३२-बिट विंडोज ७ आहे. तिथे ४ जीबी लावून ३.२५ च्या आसपासच वापरता येते, कारण ग्राफिक्स कार्ड आणि इतर भागांचे पत्तेही त्याच ४ जीबीत बसवावे लागतात. विंडोज सर्व्हर २००३ ची ३२-बिट एंटरप्राइझ आवृत्ती मात्र पीएई या, ४ जीबीपुढचे पत्ते वापरू देणाऱ्या प्रोसेसरच्या सोयीच्या जोरावर ४ जीबीच्या खूप पुढे जात असे. म्हणजे विंडोज ७ सारख्या घरगुती विंडोजची ही मर्यादा प्रोसेसरने घातलेली नव्हती. ४ जीबीच्या वरचे पत्ते न झेपणारे ड्रायव्हर बाजारात खूप होते, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती ठेवली.

व्हीएक्सडीवाल्या फॉन्ट पॅकेजमध्ये ज्यांचं जुनं काम अडकलं आहे, त्यांना हे मशीन मी मनापासून सुचवेन. रॅम ५१२ घ्या आणि दुकानदार फुकट देत असला तरी त्याच्या वर जाऊ नका.