चाकाची थरथर बॅलन्सिंगने जात नाही तेव्हा: डायल गेज काही महिने वापरल्यावर

ताशी ८० ते ११० किमीच्या पट्ट्यात स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग केलं की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. या हट्टी दुखण्यासाठी घरी एकच मोजमापाचं साधन ठेवायचं तर ते डायल गेज (टोकाची बारीक हालचाल काट्याने दाखवणारं साधन) आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, हे मत काही महिन्यांच्या वापरानंतर पक्कं झालंय. बॅलन्सिंग मशीन चाक स्वतःच्या शाफ्टवर, मधल्या भोकात शंकूसारखा तुकडा लावून फिरवतं. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, तिथे नसतोच. त्यामुळे मशीनवर शून्य दाखवणारं चाक गाडीवर चढवल्यावर आउट, म्हणजे वाकडं किंवा केंद्र सोडून, फिरू शकतं, आणि ते किती आउट आहे हे गाडीवरच मोजावं लागतं.

गेज ०.०१ मिमी अचूकतेचा आणि १० मिमी प्रवासाचा घ्यावा. काट्याचा एक फेरा म्हणजे १ मिमी. डिजिटल गेज या कामात त्रास देतो. चाक फिरताना आकडे नाचत राहतात, काट्याचा वरचा आणि खालचा टप्पा मात्र डोळ्याला लगेच दिसतो. स्टँडवर पैसे वाचवू नका. लवचिक मानेचा स्टँड हळूहळू झुकतो आणि ते झुकणंच रीडिंग म्हणून दिसतं. एका नॉबने सगळे सांधे घट्ट होणारा स्टँड चांगला. आणखी एक अडचण विकत घेताना कोणी सांगत नाही: बऱ्याच गाड्यांचा नकल (हबला धरून ठेवणारा, न फिरणारा भाग) ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर चुंबक धरत नाही. कॅलिपर ब्रॅकेटच्या (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग जिथे बसतो त्या चौकटीच्या) भोकात लोखंडी पट्टी बोल्टने आवळून तिच्यावर स्टँड बसवावा लागतो.

मोजण्याआधी सपाट जमीन, जमिनीवरच्या चाकांना ओट आणि गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट, फक्त डावी-उजवीकडे असेल तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक. ब्रेक दाबून धरल्यावर वर-खालीचा प्ले नाहीसा झाला तर बेअरिंगवर संशय घ्या. प्ले असताना गेज लावण्यात अर्थ नाही.

आता टायर. खाचांमध्ये गेजचं टोक अडकतं, म्हणून ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) मधोमध गुळगुळीत चिकटपट्टीचा एक वेढा द्या. टोक १-२ मिमी दाबलं जाईल असं टेकवा, काटा शून्यावर आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. ट्रेडवर १.५ मिमीच्या वर फरक आला तर तो हायवेवर जाणवतोच. अलॉय रिमच्या कडेवर साधारण ०.५ मिमी आणि लोखंडी रिमवर १ मिमीपर्यंत चालतं. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली धरा. काटा एकाच जागी अचानक उसळी मारत असेल तर टायरच्या आतला पट्टा सुटलेला असू शकतो. असा टायर काढूनच टाका, तो फुटतो.

खरी कसोटी पुढची आहे. सर्वांत उंच जागेवर चाकावर खडूने खूण करा आणि तिच्या रेषेतला हबचा स्टडही (चाकाचा नट ज्यावर बसतो तो आट्यांचा खुंट) खुणावून ठेवा. चाक काढा, दोन स्टड पुढे सरकवून बसवा, पुन्हा मोजा. उंच जागा खडूच्या खुणेबरोबर सरकली तर दोष रिम किंवा टायरचा. ती खुणावलेल्या स्टडपाशीच राहिली तर दोष हबचा, आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, उपयोग नाही. ही एवढी चाचणी केली असती तर कितीतरी चांगले टायर विनाकारण बदलले गेले नसते.

हबचा दोष म्हणजे बहुतेकदा गंज. १४० मिमी व्यासाच्या हबच्या कडेला ०.१ मिमीचा पापुद्रा असेल तर ४०० मिमी व्यासाच्या रिमवर त्याचा जवळपास ०.३ मिमी होतो. तारेचा ब्रश आणि एमरी पेपरने हबचा चेहरा, स्टडच्या मुळाशी आणि रिमची मागची बाजू उजळून काढा. ग्रीस लावू नका. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग हवीच. चाक केंद्रापासून ०.५ मिमी सरकलं की गेजवर १ मिमी दिसतो. नट चांदणीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा.

थरथर फक्त ब्रेक मारताना येत असेल तर मोर्चा ब्रेकच्या डिस्ककडे, म्हणजे हबवर बसणाऱ्या चकतीकडे. चाक काढल्यावर डिस्क सैल असते, म्हणून सगळे नट वॉशर लावून आवळा आणि बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत मोजा. ०.०५ मिमीच्या आत उत्तम, ०.१ च्या वर नको. नवी डिस्क काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा थरथरू लागते त्याचं कारण इथेच सापडतं: गंजलेल्या हबवर बसवलेली डिस्क किंचित तिरपी फिरते, दर फेऱ्याला एकच जागा पॅडला घासते आणि तिथे पातळ होते. ब्रेक पेडलला धक्के देते ती ही असमान जाडी. ती मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा, ०.०१५ मिमीचा फरकही पुरतो. व्हर्नियर इथे कामाचा नाही. आउट थोडाच असेल तर डिस्क एक-एक स्टड सरकवून मोजत जा, बऱ्याचदा एका जागी तो निम्म्यावर येतो.

गेजला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. असंतुलन स्वतः त्यावर दिसत नाही, टायरचा एखादा भाग जास्त कडक असेल तर तोही नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच गाडी थरथरत असेल तर आतला सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा सांधा) बघा. मोबाइलमधलं कंपनं मोजणारं ॲप इथे छान जोड देतं. १८५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, जीपीएसवर ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे १३ फेरे. ॲपच्या आलेखात १३ हर्ट्झला (सेकंदाला १३ कंपनं) उंचवटा दिसला तर दोष चाकाकडचा, २६ ला दिसला तर चाक अंडाकृती असण्याची शक्यता.

गेजची निगा थोडी, पण कडक. ब्रेकच्या धुळीने दांडा अडखळायला लागतो. तेल सोडलं तर धूळ आणखी चिकटते, म्हणून कोरड्या कापडाने पुसा. घासकामानंतर चुंबकाच्या तळाला लोखंडी कीस चिकटून स्टँड डुगडुगतो, तो चिकटपट्टीने काढा. दर वेळी सुरुवातीला दांडा चार-पाच वेळा उचलून सोडा. काटा अर्ध्या रेघेच्या आत त्याच जागी परतला नाही तर त्या दिवशीच्या रीडिंगवर नवे सुटे भाग मागवू नका.