फेलो म्हणून निवडून येणं आणि अर्ज करून फेलो होणं

नावापुढे ‘फेलो’, म्हणजे एखाद्या विद्वत्संस्थेचा मानाचा सदस्य, असं लागलं की दोन्ही सारखेच वाटतात, पण वाटा अगदी वेगळ्या आहेत.

लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत स्वतःचा अर्ज चालत नाही. आधीच्या दोन फेलोंनी नाव सुचवायचं, मग त्या विषयाची समिती काम तपासते आणि शेवटी फेलोंचं मतदान होतं. रामानुजनही १९१८ मध्ये फेलोंनी नाव सुचवूनच निवडले गेले. हा मान फार मोठा, आणि तो असावाच. पण सुचवणाऱ्यांच्या नजरेत जो येत नाही, तो बाहेरच राहतो. १६६० साली स्थापन झालेल्या या संस्थेत स्त्रिया पहिल्यांदा निवडल्या गेल्या त्या १९४५ मध्ये: कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जोरी स्टीफनसन. ही गोष्ट मला अजूनही बोचते.

रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या रसायनशास्त्राच्या वेगळ्या ब्रिटिश संस्थेत मात्र अनुभवी रसायनशास्त्रज्ञ स्वतः अर्ज करू शकतो. वार्षिक वर्गणी असते. कारखान्यात वर्षानुवर्षं चोख काम करणाऱ्याला हा रस्ता खुला आहे, म्हणून मी तो कमी लेखणार नाही.

अर्ज आजच भरता येईल. नामांकनासाठी मात्र आधी तुमचं काम दुसऱ्यांनी वाचलेलं हवं.